हरणाऱ्या संघाचा माणूस

१

जानेवारी २०१४ मधली गोष्ट. वानखेडे स्टेडियमवर मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातला रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. दोनच महिन्यांपूर्वी याच मैदानावर सचिन तेंडुलकर आपली शेवटची कसोटी खेळला होता आणि तेव्हा आत शिरायला माणसे जिवाचा आटापिटा करत होती. आता ना तिकीट होते ना रांग. त्या अवाढव्य वर्तुळात मोजके लोक विखरून बसले होते. कोणी डबा उघडला होता, कोणी पेपर. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून आलेला मी त्यांच्यातलाच एक. जवळ पिशवी होती आणि पिशवीत एक जुने, कापडी पुठ्ठ्याचे रजिस्टर.

पहिल्या डावात मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. एकशे बावीस धावांची पिछाडी. असे सामने महाराष्ट्र हरतो, हे मला वारशाने ठाऊक होते. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत आटोपली आणि २५२ धावांचा पाठलाग करताना केदार जाधव व विजय झोल यांनी सामना आठ गडी राखून मुंबईच्या घरातून उचलून आणला. झोल ९१ वर नाबाद, जाधव १२० वर. समोर जहीर खानच्या नेतृत्वाखालचा गतविजेता संघ होता. शेवटची धाव निघाली तेव्हा मी उभा राहिलो, टाळ्या वाजवायला हात जोडले आणि तिथेच थबकलो. हा आनंद माझा आहे का? त्याआधीची जवळजवळ अठरा वर्षे मी या संघाचा एकही सामना पाहिला नव्हता. त्या काळात कोण खेळत होते, कोण रडतखडत टिकून होते, कोण कंटाळून निघून गेले, यातले मला काहीच माहीत नव्हते. म्हणजे पेरणीला, खुरपणीला मी कुठे नव्हतो. मळणीच्या दिवशी मात्र खळ्यावर हजर!

हा लेख त्या थबकण्यातून निघाला आहे. एखाद्या संघाशी निष्ठावंत असणे म्हणजे नेमके काय? ती भावना आहे, सवय आहे, की कर्तव्य? ती कोणाशी असते? खेळाडूंशी, गावाशी, नावाशी, की ज्याने आपल्याला पहिल्यांदा मैदानावर नेले त्या माणसाशी? क्रीडासाहित्यात या प्रश्नांची कोणकोणती उत्तरे मिळतात आणि ती कितपत पुरतात, हे इथे तपासायचे आहे. तपासणारा माणूस तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२

ते रजिस्टर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. १९७०-७१ च्या हंगामापासून महाराष्ट्राच्या प्रत्येक रणजी सामन्याचा धावफलक वर्तमानपत्रातून कापून ते त्यात चिकटवत आणि खाली शाईने एखादी ओळ लिहीत. त्यांनी स्वतःला एक नियम घातला होता. धावफलक ज्या दिवशी छापून येई, त्याच दिवशी चिकटवायचा आणि ओळही त्याच दिवशी लिहायची. मागाहून, निकाल पचल्यावर लिहिलेले खोटे असते, असे ते म्हणत.

सुरुवात करायला त्यांनी हंगाम निवडला तोही असा! १९७१ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सारे तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. मुंबईने सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलासुरला संघ उतरवला. मुंबईला गाठण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती, आणि महाराष्ट्र हरला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदे मुंबईने मिळवली, त्यांतले ते एक. त्या पानावर अण्णांची ओळ अशी: ‘त्यांचे दुसरे फळीवाले आपल्या पहिल्या फळीला भारी.’ १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि लुधियानाला पंजाबकडून हरला. पंजाबचे ते पहिलेच विजेतेपद. त्या पानावर एकच शब्द आहे: ‘बरं.’

महाराष्ट्राने रणजी करंडक आजवर दोनदाच जिंकला आहे, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. संस्कृत शिकवणारा हा प्राध्यापक पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा करतो आणि पुढे शंभरी ओलांडून १९९३ मध्ये जगाचा निरोप घेतो. या दोन करंडकांनंतर काही नाही. मुंबईच्या खात्यावर आज बेचाळीस विजेतेपदे आहेत. मराठी मुलखातला तिसरा संघ विदर्भ. त्याची कित्येक वर्षे कोणी दखलही घेत नव्हते. त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. महाराष्ट्राचा माणूस मात्र १९४१ पासून वाट पाहतो आहे.

वाट पाहणाऱ्यांना एखादी दंतकथा लागते. आमची दंतकथा डिसेंबर १९४८ ची. पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या. संघाच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या. अशा वेळी प्रतिपक्षाने सामना सोडून दिला आणि गाशा गुंडाळला. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि आपण तिथे हजर होतो, असे सांगत. पुण्यातला त्या पिढीचा जो तो तिथे हजर होता! सगळ्यांचे खरे मानले तर पूना क्लबचे मैदान पर्वतीपर्यंत पसरले असले पाहिजे. पण या थापेतही निष्ठेबद्दल काही सांगणारे आहे. निष्ठावंताला विजयात वाटा हवा असतोच. त्याहून अधिक त्याला साक्षीचा हक्क हवा असतो. ‘मी तिथे होतो’ हे त्याचे मुख्य वाक्य.

३

मराठीत या माणसाला नावे अनेक आहेत: प्रेक्षक, चाहता, समर्थक, पाठीराखा, भक्त. प्रत्येक शब्दात एक वेगळा सिद्धान्त दडला आहे. प्रेक्षक केवळ पाहतो. नाटक पडले तर उठून जातो. चाहत्याला आवडते, आणि आवड सरू शकते. भक्त प्रश्न विचारत नाही. ‘पाठीराखा’ हा शब्द सर्वांत मजेचा. संतवाङ्मयात पाठीराखा असतो तो देव, भक्ताची पाठ राखणारा. क्रीडापानावर येताना शब्दाने उलटी उडी घेतली. इथे भक्तच दैवताची पाठ राखतो. दैवत दुबळे आहे, ते हरू शकते, हे या शब्दाने मान्य केले आहे.

आणि ‘निष्ठा’? संस्कृतात ‘नि’ आणि ‘स्था’, म्हणजे ठाम उभे राहणे. शब्दाच्या मुळाशी प्रेम नाही. जागा न सोडणे आहे. मला ही व्युत्पत्ती फार मोलाची वाटते, कारण आपले बहुतेक क्रीडालेखन निष्ठेला भक्तीच्या भाषेत पकडू पाहते: वारी, पंढरी, दैवत, नवस. या रूपकांत भावना पुरेपूर उतरते, पण माणूस हरवतो. मराठी क्रीडालेखनाची परंपरा काही हलकी नाही. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानाला प्रतिष्ठा दिली. स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेट घराघरांतल्या माजघरात नेले. या परंपरेने खेळाडू लिहिला, सामना लिहिला, निवड समितीचे राजकारण लिहिले. प्रेक्षक मात्र बहुतांशी गर्दी म्हणूनच आला, ‘खचाखच’ या विशेषणापुरता. रिकाम्या मैदानावर एकटा बसलेला माणूस आपल्या लेखनात क्वचितच भेटतो.

४

तो भेटतो निक हॉर्नबीच्या ‘फीवर पिच’ या १९९२ च्या पुस्तकात. आईवडील विभक्त झालेले. १९६८ मध्ये वडील मुलाला आर्सेनलचा सामना दाखवायला नेतात, आणि मुलाला आयुष्यभराची खोड लागते. पुस्तकाची प्रकरणे सामन्यांच्या तारखांनी बांधली आहेत. प्रेम, नोकरी, नैराश्य हे सगळे त्या तारखांच्या आधाराने आठवते. हॉर्नबीचा प्रामाणिकपणा असा की तो निष्ठेला सद्गुण मानायला तयार नाही. तिच्यात निवड नाही. ती चिकटते आणि मग सुटत नाही, एवढेच. मैदानावरच्या बहुतेक शनिवारी आपण दुःखीच होतो, हेही तो लपवत नाही. अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर १९८९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर शेवटच्या मिनिटाला आर्सेनल विजेता ठरतो. तो क्षण इतका उत्कट होतो तो मागच्या कंटाळ्यामुळे. कंटाळा वजा केला तर उरतो तो नुसता एक गोल.

हे वाचताना मला अण्णांचा ‘बरं’ कळला. पण पुस्तक मिटल्यावर एक शंका राहते. हॉर्नबीची निष्ठा अखेर स्वतःभोवती फिरते. आर्सेनल हे त्याच्या आयुष्याचे कॅलेंडर आहे; आपण त्या क्लबचे काही देणे लागतो का, आपण तिथे नसलो तर क्लबचे काय बिघडेल, हा प्रश्न त्याला फारसा छळत नाही. छळण्याचे कारणही नाही, कारण तो नसला तरी मैदान भरणारच होते. माझा प्रश्न उलटा आहे. आमचे मैदान आमच्या नसण्यानेच रिकामे झाले.

या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. एखादी संस्था घसरू लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा बोलणे. बाजारात माणूस निघून जातो, राजकारणात बोलतो. नायजेरियाच्या रेल्वेचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. रेल्वे ढासळत गेली तरी सुधारेना. कारण ज्यांनी आरडाओरडा केला असता, ते गिऱ्हाईक केव्हाच ट्रकवाल्यांकडे गेले होते. ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त चाड, तेच सर्वांत आधी निघून जातात. आणि त्यांच्याबरोबर संस्थेचा आवाजही जातो. हर्शमन यांच्या मांडणीत निष्ठेचे काम इथे सुरू होते. निष्ठा माणसाला काही काळ थोपवून धरते, आणि त्या अवधीत त्याला बोलायला लावते.

म्हणजे निष्ठा हे मौन नव्हे. जो निघून जाऊ शकतो पण जात नाही, आणि थांबून कुरकुर करतो, तो निष्ठावंत. या कसोटीवर अण्णांच्या रजिस्टरातली प्रत्येक ओळ उतरते. ते संघाला नावे ठेवत, निवड समितीला नावे ठेवत, खेळपट्टीला नावे ठेवत. आणि पुढच्या सामन्याला डबा घेऊन नेहरू स्टेडियमवर जात. त्याच कसोटीवर मी मात्र ट्रकवाल्यांचा गिऱ्हाईक ठरतो. घरात केबल आली, मग भारतीय संघ, मग सचिन. मी भांडून गेलो नाही, रुसून गेलो नाही. जाताना मागे वळून पाहावे, इतकेही मला वाटले नाही.

५

निघून जाणे प्रत्येक वेळी प्रेक्षकाकडूनच घडते असे नाही. कधीकधी संघच निघून जातो. लंडनच्या विम्बल्डन क्लबला साठ मैलांवरच्या मिल्टन कीन्स या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. क्लब कायद्याने मालकाचा होता. तेव्हा पाठीराख्यांनी ‘एएफसी विम्बल्डन’ हा स्वतःचा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरच्या स्पर्धेपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाव लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर परतला. इथे निष्ठा कोणाशी होती? खेळाडू गेले, परवाना गेला, मैदान गेले. उरली ती माणसे, आणि आपण कोण आहोत याची त्यांची आठवण. क्लब म्हणजे तेवढेच असते, हे त्यांनी करून दाखवले.

आता पुण्याकडे पाहा. ‘पुणे वॉरियर्स’ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळला आणि संपला. ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ २०१६ मध्ये आला; पुढच्या वर्षी नावातला शेवटचा ‘स’ गळाला, कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे गेले, आणि अंतिम सामन्यात मुंबईकडून तो अवघ्या एका धावेने हरला. एका धावेने हरल्याचे दुःख जपायला पुढच्या वर्षी संघच नव्हता! पुण्यात कोणी नवा क्लब काढला नाही. काढायचे मनात आले असते तरी कशाच्या जोरावर? दोन वर्षांत आठवणी साठत नाहीत, उधारीवर फक्त जर्सी मिळते.

पण हे म्हणून मी सुटत नाही. २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंजेला हलवावे लागले. तेव्हा तिथल्या पाठीराख्यांची एक खास रेल्वेगाडी चेन्नईहून पुण्याला आली. दोन वर्षांच्या बंदीनंतर त्यांचा संघ परतला होता आणि ते त्याच्या मागोमाग परमुलखात आले होते. माझी मुलगी त्या पिवळ्या गर्दीत बसली होती. ती तिथूनच ‘त्यांची’ झाली. मी घरी नाक मुरडले. म्हणालो, ‘अगं, ती कंपनी आहे, संघ नव्हे.’ ती म्हणाली, ‘बाबा, ती माणसं दीड दिवस गाडीत बसून आली होती. तू स्वारगेटला तरी कितीदा गेलास?’

नेहरू स्टेडियम स्वारगेटला आहे. मी गप्प बसलो.

तिचे म्हणणे मला आजही पूर्ण पटत नाही. पण त्यातला तर्क खोडताही येत नाही. निष्ठेचे मोल संघाच्या जन्मदाखल्यावरून ठरवायचे की पाठीराख्याने दिलेल्या वेळावरून? मी जन्मदाखला दाखवत होतो, ती वेळ मोजत होती. पुढे तिच्या चेन्नईचा कर्णधार झाला तो पुण्याचाच ऋतुराज गायकवाड. त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राकडून विजय हजारे करंडकात एका षटकात सात षटकार मारले आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शतक ठोकूनही त्याचा संघ सौराष्ट्राकडून हरला. षटकारांची चित्रफीत जगाने पाहिली. अंतिम सामन्याबद्दल मला पहिल्यांदा कळवले ते मुलीनेच: ‘तुमचे परत हरले.’ तिच्या आवाजात चिडवणे कमी आणि हळहळ जास्त होती.

६

निष्ठेचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगायला हवी. जागा न सोडणे ही गोष्ट जागा कोणती यावर अवलंबून असते. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर बेतलेले होते. १९४० मध्ये गांधीजींनी त्यांबद्दल नापसंती दाखवली आणि १९४६ नंतर ते बंद झाले. त्या स्टँडमधली निष्ठा अस्सल होती, यात शंका नाही. अस्सल असणे म्हणजे निर्मळ असणे नव्हे, एवढेच.

पण त्याच सामन्यांच्या इतिहासात निष्ठेचा दुसरा नमुनाही आहे. पालवणकर बाळू हा हिंदू संघाचा थोर फिरकी गोलंदाज. जातीमुळे त्याला कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये या प्रश्नावरून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या संघाने युरोपियनांना हरवले. विठ्ठल त्याच संघात परतला होता, हे मला महत्त्वाचे वाटते. हर्शमन यांच्या भाषेत, बाहेर पडणे हेच इथे बोलणे झाले होते.

याच्याशी अगदी समांतर असे पुस्तक म्हणजे सी. एल. आर. जेम्स यांचे १९६३ चे ‘बियॉण्ड अ बाउंड्री’. वेस्ट इंडीजचे कर्णधारपद गोऱ्यांसाठी राखल्यासारखे होते. फ्रँक वॉरेलला ते मिळावे म्हणून जेम्स यांनी आपल्या वर्तमानपत्रातून मोहीम उघडली, आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कर्णधार म्हणून गेला. आपल्या संघावर प्रेम करणारा माणूस त्याच्याशी कसे भांडतो, याचा हा वस्तुपाठ. तरीही या पुस्तकात मला सर्वांत जवळचा वाटतो तो जेम्स यांचा एक कबुलीजबाब. तरुणपणी त्रिनिदादमध्ये क्लब निवडण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांच्याशी मन जुळत होते त्या काळ्या सामान्यांच्या ‘शॅनन’ऐवजी ते उजळ कातडीच्या मध्यमवर्गाच्या ‘मेपल’मध्ये गेले, आणि त्या निवडीची चूक त्यांना जन्मभर बोचली. निष्ठेवरचे इतके मोठे पुस्तक एका निसटलेल्या निष्ठेच्या आठवणीवर उभे आहे. हॉर्नबी आपले वेड मांडतो, जेम्स आपली चूक मांडतात. म्हणूनच मला जेम्स अधिक मोठे वाटतात.

प्रेक्षकांच्या चुकाही विसरून चालणार नाही. १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. १९९९ च्या फेब्रुवारीत तिथेच पाकिस्तानविरुद्धची कसोटी रिकामे केलेल्या मैदानावर संपवावी लागली. आणि २००६ मध्ये खुद्द वानखेडेवर तेंडुलकरची हुर्यो उडवली गेली. हा संताप निष्ठेपोटी होता, असे समर्थन नेहमी होते. मला ते पटत नाही. ज्याला केवळ जिंकणाऱ्यांत राहायचे आहे, त्याचा हा संताप. हरण्याशी त्याची कधी ओळखच झालेली नसते. याउलट जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईत भारत बारा धावांनी हरला, सचिनचे १३६ वाया गेले, आणि तरीही चेपॉकवरची माणसे उभी राहिली आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी त्यांचे भारतीयत्व तसूभरही कमी झाले नाही. आपले दुःख पुरते जाणवत असताना समोरच्याचा खेळ पाहता येणे, ही निष्ठेची प्रौढ अवस्था आहे.

७

माझे आजोळ कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल तालमींचा आहे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. मामाला मी एकदा विचारले होते, ‘मामा, तुम्ही पाटाकडीलचेच का?’ त्याला प्रश्नच कळला नाही. आपण अमुक घरात का जन्मलो, असे कोणी विचारते का? विश्वचषकाच्या वेळी तिथे अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फलक लागतात, त्यावरून वाद झडतात. पण त्या हौसेत आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसाठी घसा फोडण्यात काय अंतर आहे, हे तिथल्या शाळकरी मुलालाही कळते. अर्जेंटिना निवडता येतो. पेठ निवडता येत नाही.

खेळाडूला मात्र संघ निवडता येतो, निवडावा लागतो. खुद्द निंबाळकर पुढे होळकर संघाकडून खेळले, रेल्वेकडूनही खेळले. वसीम जाफर मुंबईतून विदर्भात गेला आणि तिथे करंडक जिंकून बसला. हृषीकेश कानिटकरचे उदाहरण तर आम्हाला बोचणारे. वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे, हृषीकेशही वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा. आणि कर्णधार म्हणून त्याने रणजी करंडक उचलला तो राजस्थानसाठी, २०१०-११ आणि २०११-१२ असा लागोपाठ दोनदा. त्याला दोष देता येत नाही. खेळाडूचे आयुष्य मैदानावर मोजके असते, त्याने ते जिथे फळेल तिथे न्यावे. नेमके म्हणूनच कोणीतरी जागेवर थांबावे लागते. खेळाडू येतात, जातात, निवृत्त होतात. संघाला सलग आयुष्य लाभते ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत. तेही निघून गेले, तर १९४१ चा महाराष्ट्र आणि २०१४ चा महाराष्ट्र यांना जोडणारे काही उरत नाही. उरतात दोन वेगवेगळ्या अकरांच्या याद्या.

निष्ठावंत माणूस काय करतो, याचे माझे उत्तर असे आहे. तो संघाची स्मृती सांभाळतो आणि तिच्या बळावर संघाशी भांडतो. त्याच्या टाळीला किंमत आहे ती यामुळे, की टाळी वाजवण्याजोगे काही नव्हते तेव्हाही तो तिथे होता आणि त्याने ते नोंदवून ठेवले. भक्तीपेक्षा हे काम कारकुनी आहे. अण्णा जिल्हा परिषदेत कारकून होते, हा योगायोग नसावा.

८

अण्णांबरोबर मी शेवटचा सामना पाहिला तो २९ फेब्रुवारी १९९६ चा. नेहरू स्टेडियमवर विश्वचषकात केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. दोन तासांत आम्ही सगळे केनियाचे झालो होतो. नावे नीट उच्चारता येत नव्हती, तरी ओरडत होतो. घरी येताना मी म्हणालो, ‘अण्णा, हा सामना रजिस्टरात लावा.’ ते म्हणाले, ‘मजा आली. पण ती आपली नव्हे. पाहुण्याच्या घरचं लग्न होतं ते.’ त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. त्यानंतरच्या हंगामापासून पाने कोरी आहेत.

२०१३ मध्ये घर बदलताना रजिस्टर हाती लागले, आणि म्हणून मी वानखेडेला गेलो. त्या रात्री पुण्याला परतताना गाडीत ओळ लिहिली, धावफलक दुसऱ्या दिवशी चिकटवला. इंदूरला बंगालविरुद्धचा उपांत्य सामना जिंकलो, तोही लावला. मग हैदराबादचा अंतिम सामना. आमच्या ३०५ धावांना कर्नाटकाने ५१५ धावांनी उत्तर दिले आणि सात गडी राखून करंडक नेला. त्या पानावर काय लिहावे हे सुचेना. शेवटी अण्णांचाच शब्द लिहिला.

मधली कोरी पाने आता भरता येतील, असे मुलगी म्हणते. सगळे धावफलक इंटरनेटवर आहेत. एका संध्याकाळचे काम. तिने एकदा अर्धी यादी काढूनही दिली. मी ती भरलेली नाहीत. त्या दिवशी लिहिले नाही ते मागाहून लिहायचे नाही, हा रजिस्टराचा नियम आहे. आणि मी तिथे नव्हतो, हीसुद्धा या संघाच्या इतिहासातली एक नोंदच आहे. आमच्यासारखे किती जण नव्हते, तेही त्या कोऱ्या पानांत वाचता येते.

हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. गहुंजेला सामना असेल त्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघतो. मुलगी गेल्या वर्षी एकदा बरोबर आली. चहापानापर्यंत बसली, तीनदा जांभई दिली आणि दुसऱ्या स्लिपमध्ये सुटलेल्या झेलावर माझ्याआधी ओरडली. त्या दिवसाची ओळ तिने लिहिली आहे.